मदत हवी आहे: लॅब रिपोर्ट एआयकडून मराठीत करून हवेत, माहिती बाहेर न जाता

प्रश्न: दवाखान्यात रोज ३०-४० लॅब रिपोर्ट येतात. रुग्णाला समजेल असा मराठी गोषवारा हवा आहे. डीपसीक ही एआय सेवा फुकट आहे, पण चिनी. अमेरिकी कंपनीची सेवा मुंबईतल्या सर्व्हरवरून घेतली तर माहिती भारतातच राहील ना? संगणक १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नाही.

प्रतिसाद १: सर्व्हर मुंबईत असला तरी कंपनीला तिच्या देशाचा कायदा लागू राहतोच. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड अ‍ॅक्टनुसार तिथल्या कंपनीकडून कायदेशीर आदेशाने माहिती मागवता येते, ती कुठेही साठवलेली असो. चीनचा २०१७ चा राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा कंपन्यांवर सरकारी गुप्तचर कामात सहकार्याचं बंधन घालतो. डीपसीकच्या धोरणातच माहिती चीनमधल्या सर्व्हरवर राहते असं लिहिलंय. कंपनीची उत्तरं अपुरी वाटल्याने इटलीच्या माहिती संरक्षण नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये ती सेवा रोखली.

मात्र अ‍ॅप वेगळं, मॉडेल (उत्तर तयार करणारा एआयचा गाभा) वेगळं. मॉडेलची फाईल म्हणजे नुसते आकडे, ती स्वतःहून काही पाठवत नाही. पाठवतं ते भोवतीचं सॉफ्टवेअर. तेव्हा मॉडेल उतरवून घ्या आणि आपल्याच संगणकावर चालवा.

प्रतिसाद २: ओलामा (आपल्याच संगणकावर एआय मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर) बसवा, त्यात गूगलच्या जेमा ३ चं १२ बी मॉडेल घ्या ('बी' म्हणजे अब्ज, मॉडेलमधल्या आकड्यांची संख्या). त्याची ४-बिट, म्हणजे आकसून लहान केलेली फाईल ८ जीबीच्या आसपास आहे. ब्राउझर बंद ठेवा, नाहीतर रॅम पुरणार नाही. कार्ड नसल्याने हळू चालेल. ४ बी मॉडेल वेगवान, पण मराठीत जास्त चुकतं. नावाच्या शेवटी 'क्लाउड' असलेली मॉडेलं बाहेरच्या सर्व्हरवर चालतात, ती टाळा. खात्री करायला इंटरनेटची वायर काढून एक रिपोर्ट चालवा.

नेहमी फसतं ते इथे: अशा संगणकावर ओलामाची एका वेळच्या मजकुराची मर्यादा मुळात ४०९६ टोकनची (टोकन म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा) असते आणि देवनागरीच्या एकेका शब्दाला अनेक टोकन लागतात. मोठा रिपोर्ट मुकाट्याने कापला जातो, सूचनाही येत नाही. मर्यादा ८१९२ करा. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिनचे आकडे मूळ रिपोर्टशी माणसानेच ताडून पाहावेत.

प्रश्नकर्ता: आभार. शेजारच्या खोलीतूनही वापरायचं आहे.

प्रतिसाद १: त्यासाठी ओलामाच्या सेटिंगमध्ये होस्टचा पत्ता १२७.०.०.१ (फक्त हाच संगणक) ऐवजी ०.०.०.० (नेटवर्कवरचे इतरही) करावा लागतो, पण ओलामाला पासवर्ड नसतो. म्हणून फायरवॉलमध्ये ११४३४ हा ओलामाचा पोर्ट (जोडणीचं दार) फक्त त्या एका संगणकाला उघडा आणि राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून आत येण्याची वाट) बंद ठेवा. डिस्क विंडोजमधल्या बिटलॉकरने कुलूपबंद करा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दवाखाना लहान म्हणून सुटत नाही.

प्रतिसाद २: रिपोर्ट मॉडेलला देण्याआधीच नाव, मोबाईल आणि क्यूआर कोड काढा. वय आणि लिंग राहू द्या, तपासणीच्या नॉर्मल आकड्यांच्या मर्यादा त्यांवर ठरतात. गावाचं नावही काढा. दुर्मीळ आजार असेल तर तेवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.