चर्चा धागा : ‘आयसिस’ने देवी घेतली, पण तिची कथा का सोडली?

नाईलकाठ :
डीसी कॉमिक्सची ‘आयसिस’ ही द्वैमासिक मालिका 1976 मध्ये सुरू झाली आणि आठ अंकांनंतर बंद पडली. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर 1975 पासून शनिवारी सकाळी मुलांसाठी लागणाऱ्या, फिल्मेशन या निर्मितीसंस्थेच्या मालिकेवर ती बेतलेली होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आंद्रिया थॉमसला इजिप्तमधील उत्खननात प्राचीन इजिप्तवर राज्य केलेल्या राणी हात्शेप्सुतचा ताईत सापडतो आणि देवीचे नाव उच्चारताच तिच्या अंगी देवीची शक्ती संचारते, एवढे तिचे कथाबीज.

इजिप्तच्या पुराणातील आयसिस कोण होती? सेथ या देवाने तिच्या पतीला, म्हणजे आपल्याच भावाला, ओसायरिसला मारून त्याच्या देहाचे तुकडे देशभर विखुरले. तिने ते शोधून काढले, जोडले, त्याच्यापासून होरसला जन्म दिला, त्या तान्ह्याला नाईलच्या मुखाशी दलदलीत लपवून वाढवले आणि पुढे त्याच्या राज्याधिकारासाठी देवसभेत झगडली. तिच्या मस्तकावर सिंहासनाचे चिन्ह कोरतात ते उगाच नव्हे. कॉमिकने यातले काय घेतले? ससाण्यासारखे उडणे, हरणासारखे धावणे आणि पंचमहाभूतांवर हुकमत. शोक नाही, शोध नाही, मूल नाही. तिच्या जागी ग्रीकांची एखादी देवी बसवली असती तरी पोशाखापलीकडे फारसे काही बदलावे लागले नसते, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

शाईचा थेंब :
आपला आक्षेप मला पटत नाही, कारण आपण आयसिसची एकच कथा प्रमाण मानली आहे. इटलीतील तुरिनच्या संग्रहालयात असलेल्या एका पपायरसवर, म्हणजे प्राचीन इजिप्ती कागदावर, दुसरी एक कथा आहे. वृद्ध झालेल्या रे या सूर्यदेवाची लाळ जमिनीवर गळते. आयसिस ती मातीत मळून तिचा साप करते आणि रेच्या नेहमीच्या वाटेवर ठेवते. साप डसल्यावर तो वेदनेने तळमळू लागतो, तेव्हा ‘तुझे गुप्त नाव सांगितल्याशिवाय विष उतरवणार नाही’ असे ती त्याला बजावते, आणि अखेर ते नाव मिळवते. येथे ना शस्त्र आहे, ना बाहुबळ. आहे ते ज्ञान आणि उच्चारलेल्या शब्दाचे सामर्थ्य.

आता आंद्रिया संकटात काय करते ते पाहावे. ती वाऱ्याला उद्देशून यमक जुळलेल्या ओळी म्हणते आणि वारा तिला उचलतो. तिच्याच जोडीने दूरचित्रवाणीवर झळकलेला डीसीचा कॅप्टन मार्व्हल (आजचा ‘शझाम’) हाही मंत्र म्हणतो, पण एकदाच, रूप पालटण्यापुरता. पुढचे काम त्याच्या मुठी करतात. आयसिसला मात्र उडायचे झाले तरी बोलावे लागते. मुलांच्या कार्यक्रमांत मारामारी नको, हा तेव्हाचा आग्रह यामागे असेलही. परंतु त्यातून जी नायिका घडली ती इजिप्तच्या ‘महामायाविनी’च्या, म्हणजे मंत्रविद्येत निपुण अशा मूळ आयसिसच्या, अगदी जवळ गेली. अशा देवीचे रूप एका शिक्षिकेला मिळावे, हे मला फार समर्पक वाटते.

तिसरा थर :
माझा आक्षेप निराळा आहे. ताईत इजिप्तच्या मातीतून निघतो आणि एका अमेरिकन शिक्षिकेच्या गळ्यात जातो, याचे कोणालाच काही वाटत नाही. उत्खननातील वस्तूंचा वाटा परदेशी पथकांना देण्याची प्रथा इजिप्तमध्ये दीर्घकाळ होती. 1922 मध्ये तुतनखामुन या प्राचीन राजाची कबर सापडल्यानंतर ही प्रथा आवळली गेली आणि 1983 च्या कायद्यानंतर तिला फारसा वाव उरला नाही. 1976 च्या नोव्हेंबरात तुतनखामुनच्या वस्तूंचे प्रदर्शन वॉशिंग्टनला भरले, तेव्हा त्या परत जाणार हे ठरलेले होते. त्याच सुमारास निघालेल्या या कॉमिकमध्ये मात्र परतीचा विचारही डोकावत नाही. शिवाय जिची नावे आणि चित्रे देर अल-बहारी येथील तिच्याच मंदिराच्या भिंतींवरून छिन्नीने खरवडली गेली, ती हात्शेप्सुत येथे केवळ ताइताची पहिली मालकीण म्हणून उरते, याचे मला अधिक वाईट वाटते.

नाईलकाठ :
रेच्या कथेने माझेच म्हणणे बळकट होते, कारण ते गुप्त नाव पुढे होरसला सांगण्याचा उल्लेख त्या कथेतही येतो. आयसिसची विद्या तिच्या नात्यांपासून वेगळी काढता येत नाही. कॉमिकने ती वेगळी काढली.

शाईचा थेंब :
काढली, आणि ते योग्यच केले. 1975 पर्यंतच्या अमेरिकन कॉमिक्समधल्या किती नायिका कोणाची तरी बहीण, चुलतबहीण किंवा प्रेयसी म्हणून अवतरल्या होत्या! आंद्रिया स्वतःच्या पगारावर जगते, स्वतः उत्खननाला जाते आणि तिचे सामर्थ्य कोणा पुरुषाकडून आलेले नाही.

आपल्याला हवी ती नाती डीसीने 2006 मध्ये ‘52’ या मालिकेत देऊनही पाहिली. तेथील आयसिस, म्हणजे एड्रियाना तोमाझ, इजिप्तचीच आहे, तिचा भाऊ ओसायरिस होतो आणि ती कॅप्टन मार्व्हलचा जुना शत्रू ब्लॅक अ‍ॅडम याच्याशी विवाह करते. परिणाम असा झाला की मालिका संपण्यापूर्वीच तिला मारण्यात आले आणि तिचा मृत्यू पतीच्या सूडाचे निमित्त ठरला. मूळ पुराणात पती मरतो आणि पत्नी त्याला उठवते. येथे पत्नी मेली आणि पतीने देश उद्ध्वस्त केला. यापेक्षा मी त्या आठ अंकांतली एकटी शिक्षिका पसंत करीन.