शाळा हायवेला लागून आहे, अ‍ॅडमिशन घ्यावी का? सल्ला हवाय

पहिलीची_पालक:
लेकीला पहिलीत घालायचंय आणि डोकं पार भंजाळलंय. एक शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर, शिक्षक छान, पण गेट थेट हायवेवर आणि मैदानाच्या भिंतीपलीकडे दिवसभर ट्रक. दुसरी आत शांत जागी, पण बसने पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. लेकीला सर्दी झाली की लगेच छाती भरते म्हणून जास्त काळजी वाटते. सगळे म्हणतात जवळची घे. तुम्ही काय केलं असतं?

सायकलवाली:
मी आधी अंतर बघितलं असतं. गाड्यांच्या धुरातले एकदम बारीक कण रस्त्यालगत खूप असतात आणि साधारण ३०० मीटरपर्यंत झपाट्याने कमी होतात. कॅलिफोर्नियात २००३ साली कायदाच झाला की फ्रीवेपासून ५०० फुटांच्या आत नवीन सरकारी शाळा बांधायची नाही, थोडे अपवाद सोडून. त्यामुळे गेट रस्त्यावर आहे यापेक्षा वर्ग कुठे आहेत ते विचारा, मागच्या बाजूला असतील तर बराच फरक पडतो. मैदानाचं मात्र मला खटकतंय, कारण पळताना मुलं जोरजोरात श्वास घेतात आणि वजनाच्या मानाने त्यांचा श्वास तसाही मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

निळी_छत्री:
लांबची शाळा म्हणजे चांगली हवा असं धरून चालू नका हो, माझ्या मुलाच्या बाबतीत आम्ही तीच चूक केली. शाळा झाडीत होती पण बस जुनी डिझेलची, तिचाच धूर आत यायचा आणि रोजचा दीड तास ट्रॅफिकमध्ये. वर्षभर खोकला. शेवटी शाळा बदलली. पुढच्या गाडीचा धूर आपल्या गाडीत येतो हे लोकांच्या लक्षातच येत नाही, काचा लावल्या की झालं असं वाटतं.

रात्रपाळी:
वर्गातल्या हवेकडेही बघा. बार्सिलोनात ३९ शाळांमधल्या २,७०० हून जास्त मुलांना वर्षभर तपासलं होतं, २०१५ मध्ये छापून आलंय. जिथे ट्रॅफिकचं प्रदूषण जास्त तिथल्या मुलांची वर्किंग मेमरी, म्हणजे एखादी गोष्ट थोडा वेळ डोक्यात धरून वापरायची क्षमता, कमी वेगाने वाढली. म्हणजे प्रश्न नुसत्या फुफ्फुसांचा नाही. शाळेला विचारा, रस्त्याकडच्या खिडक्या गर्दीच्या वेळी बंद ठेवून दुसऱ्या बाजूच्या उघडता येतील का. आणि छातीचं डॉक्टरांना आधी सांगा, ते राहू देऊ नका.

पहिलीची_पालक:
सगळ्यांचे आभार. आज शाळा भरायच्या वेळी जाऊन उभी राहिले. पहिलीचे वर्ग मागच्या इमारतीत आहेत, मागे गल्लीत एक छोटं गेटही आहे पण कुलूप. हायवे टाळून गल्लीगल्लीने गेलं तर चार मिनिटं जास्त लागतात, तेवढं आम्ही चालू. गेटवर मात्र वीसेक गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या, मुलं त्यांच्या मधून वाट काढत आत जातात, नाक बरोबर सायलेन्सरच्या उंचीला. ते बघून पोटात कालवलं.

सायकलवाली:
मग मागचं गेट उघडून घ्या! एकटीने बोलू नका, चारपाच पालक मिळून मुख्याध्यापकांकडे जा. पीटीचा तास मागच्या अंगणात घ्यायचंही त्याच वेळी विचारा.

पहिलीची_पालक:
हो, अर्ज लिहायला घेतलाय. तुमच्यापैकी कुणी शाळेला असं पत्र दिलं असेल तर मजकूर इथे टाकाल का?