८२ वर्षांची आई, खुब्याचं ऑपरेशन आणि 'हाय रिस्क'ची सही

निळीछत्री: आई काल संध्याकाळी बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलंय. वय ८२, वजन जेमतेम ३८ किलो, बीपी आहे. काही वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे. भूलतज्ज्ञांनी फाइलवर 'एएसए ३' लिहून 'हाय रिस्क' संमतीपत्र पुढे केलं. धाकटा भाऊ म्हणतो, या वयात चिरफाड नको, पडून राहू दे सुखात. कमरेतून भूल दिली तर धोका कमी होईल ना? डोकं चालेनासं झालंय.

भूलवाला_निवृत्त: ताई, आधी भावाशी बोला. मोडलेल्या खुब्यानं पडून राहण्यात सुख नसतं. कूस बदलताना दर वेळी कळ, मग पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या. तेव्हा ऑपरेशनचा धोका तोलायचा तो ऑपरेशन न करण्याच्या धोक्याशी.

'एएसए' ही भूलतज्ज्ञांची रुग्णाच्या तब्येतीची श्रेणी. '३' म्हणजे अंगात गंभीर आजार आहे, एवढंच. तो शेरा रुग्णाचा, ऑपरेशनचा नव्हे. मोतीबिंदूलाही तोच आणि खुब्यालाही तोच. मी स्वतः त्या आकड्यापेक्षा एका प्रश्नावर जास्त भिस्त ठेवायचो: पडायच्या आधीच्या दोन आठवड्यांत पेशंट काय काय करत होता? स्वतः अंघोळ? जिना? पैसे-औषधांचा हिशोब? वजन हल्ली उतरलंय का? तिथे खरा अंदाज लागतो.

कमरेतल्या भुलीचं म्हणाल, तर क्लोपिडोग्रेल चालू असताना मणक्यात सुई घालणं सहसा टाळतात, आत रक्त साकळायची भीती असते. गोळी बंद करून पाच-सात दिवस थांबलं, तर तेवढे दिवस आई पडून. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो त्याच किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं. शिवाय स्टेंट असताना गोळी परस्पर बंद करू नका, ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारून. पूर्ण भूल द्यावी लागली तरी घाबरू नका. २०२१ साली १,६०० रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला. सगळे खुबा मोडलेले, एका गटाला कमरेतून भूल, दुसऱ्याला पूर्ण भूल. साठ दिवसांत मृत्यू किंवा चालणं जाणं, असं दोन्ही गटांत साधारण १८ टक्क्यांना झालं. भुलीच्या प्रकारानं फरक पडला नाही. १८ हा आकडा लहान नाही, हेही भावाला सांगा.

निळीछत्री: पडायच्या आधी काठी घेऊन चालायची, अंघोळ स्वतः. वजन मात्र वर्षभरात उतरलंय. आता फिजिशियन म्हणतात, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय ऑपरेशनसाठी फिटनेस नाही.

भूलवाला_निवृत्त: छातीत वेगळा आवाज ऐकू आला असेल, तर इको हवाच. महाधमनीची झडप आक्रसलेली निघाली, तर भुलीचा सगळा बेत बदलतो. पण तो आजच करा म्हणावं, इकोपायी दोन दिवस घालवू नयेत. थांबायचं ते सुधारता येण्यासारख्या गोष्टींसाठी: पोटॅशियम फार खालीवर, हिमोग्लोबिन फार कमी, नाडी बेफाम. आणि मांडीत नसेजवळ सुन्न करायचं इंजेक्शन देतात, ते विचारा. वेदना बऱ्याच कमी होतात.

रातपाळी: मी वॉर्डात सिस्टर आहे. ऑपरेशननंतरच्या रात्री आई भ्रमिष्टासारखं बोलली तर हादरू नका, या वयात बऱ्याच जणांना होतं. ऑपरेशन आटोपलं की चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच लावा, रात्री ओळखीचं माणूस जवळ ठेवा. झोपेची गोळी मात्र मागू नका, भ्रम वाढतो.

भूलवाला_निवृत्त: आणि सही तुम्ही करणार ते ठीक, पण आई शुद्धीवर आहेत ना? त्यांना कुणी विचारलंय का?

निळीछत्री: नव्हतं विचारलं. आत्ता विचारलं. म्हणाली, "करून टाका, हे दुखणं नको." भाऊ गप्प आहे. इको दुपारी. तिचा पुढचा एक दात हलतोय, हे डॉक्टरांना सांगायचं असतं का?

भूलवाला_निवृत्त: सांगाच, आणि भूल देणाऱ्यालाच सांगा. पूर्ण भुलीत श्वासाची नळी घालताना सुटला तर श्वासनळीत जाऊ शकतो. कवळी असेल तर तीही सांगा.