मदत हवी आहे: भाजलेल्या आत्याचा ताप आणि सुटत चाललेली त्वचा

निरांजन लावताना पदर पेटून आत्या (वय ५२) भाजली. उजवा हात, छाती, पोट. अंगाचा २५ टक्के भाग म्हणाले. आज २१ वा दिवस. पहिल्याच आठवड्यात जळालेली कातडी काढून स्किन बँकेची, म्हणजे दुसऱ्या कुणाची दान केलेली, त्वचा लावली होती.

रोज संध्याकाळी १०१ ताप. रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) दोनदा केलं, काही सापडलं नाही. डॉक्टर अँटिबायोटिक वाढवत नाहीत, त्यावरून आतोबा रोज राउंडला वाद घालतात.

त्यात काल ड्रेसिंग सोडताना त्या त्वचेचा एक तुकडा गॉजबरोबरच निघून आला. सिस्टर म्हणाल्या, "शरीर टाकून देतंय, आता तिची स्वतःचीच लावायची."

इथे माझा गोंधळ होतो. प्रतिकारशक्ती खालावलीय म्हणून आम्हाला गाऊन-मास्कशिवाय आत सोडत नाहीत. मग तीच प्रतिकारशक्ती परकी त्वचा ओळखून फेकते कशी? ती कमी झालीय की जास्त?

प्रतिसाद:
बर्न्स वॉर्डात काम केलंय, त्यावरून सांगतो. उपचाराचं मात्र तिथल्या डॉक्टरांचंच ऐका.

दोन्ही. २० टक्क्यांच्या वर भाजलं की दाह जखमेपुरता राहत नाही, अंगभर पसरतो आणि मेंदूतला तापमानाचा काटाच वर सरकतो. म्हणून जंतू नसतानाही ताप राहू शकतो. उगाच अँटिबायोटिक वाढवलं तर चिवट जंतू तेवढे उरतात. त्याच वेळी परकं ओळखून हल्ला करणाऱ्या टी पेशी सुस्तावतात, आणि कातडीची भिंत तर नाहीच. पण सुस्तावणं म्हणजे झोपणं नव्हे. परकी त्वचा एरवीपेक्षा थोडी जास्त टिकते ती या सुस्तीमुळेच, पण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतेच. ती तात्पुरतं पांघरूण म्हणूनच लावतात. ग्लासगोत गिब्सन आणि मेडावार या संशोधकांनी एका भाजलेल्या बाईला तिच्या भावाची त्वचा लावली, ते १९४३ साली प्रसिद्ध झालं. दुसऱ्यांदा लावली ती आणखी लवकर गेली. म्हणजे शरीराने ओळख लक्षात ठेवली होती.

ताप एकदम चढला, अंग गार पडलं, ती असंबद्ध बोलू लागली, लघवी कमी झाली किंवा जखमेला हिरवट रंग, वास आला, तर राउंडची वाट बघू नका. आणि प्रथिनं भरपूर हवीत. अंडी खातात का?

धागाकर्ता:
आतोबांना वाचून दाखवलं, आज वाद नाही. अंडी नाही खात, पनीर-डाळ चालू आहे. पण संकष्टी धरायची म्हणतेय!

प्रतिसाद:
या वेळची आतोबांना धरू दे.