सही नसलेलं तैलचित्र वाटणीत आलंय, कोणाचं आणि किती किमतीचं हे कसं ठरवायचं?

दादर_तिसरा_मजला:
इमारत पुनर्विकासाला गेली, पुढच्या महिन्यात जागा रिकामी करायची आहे. आजोबांच्या खोलीतलं तैलचित्र आम्हा तिघा भावंडांत आलंय. खुर्चीत बसलेली नऊवारीतली बाई, हातात पुस्तक. फ्रेम सोडून ३० बाय २५ इंच. सही दिसत नाही. वर पिवळट तपकिरी थर, खाली डाव्या कोपऱ्यात पांढरी बुरशी. मागे फ्रेमवाल्याचं लेबल, 'गिरगाव, मुंबई ४'. एक व्यापारी म्हणतो, "चित्रकार धुरंधरांचं दिसतंय, चाळीस हजार रोख देतो, सफाई मी करून घेईन." द्यावं का?

मागची_बाजू:
धुरंधरांचं आहे म्हणायचं आणि चाळीस हजार द्यायचे, यातलं एक काहीतरी खोटं आहे. तूर्त देऊ नका आणि पुसूही नका. बटाटा, लिंबू, काच पुसायचा स्प्रे, टर्पेंटाइन, सगळं बंद. व्हार्निशबरोबर वरचे पातळ रंगही निघतात, आणि सही बहुतेक वेळा त्याच शेवटच्या पातळ रंगात असते.

आधी हे खरंच तैलचित्र आहे का ते बघा. दहापट भिंगातून चेहरा पाहा. रंगीत ठिपके दिसले तर ते छापील चित्र, म्हणजे ओलिओग्राफ. त्यावर कॅनव्हासचा पोत दाबून वर व्हार्निश मारलेलं असायचं, त्यामुळे हाताला फसवतं. दुसरी शक्यता घरच्या माणसांच्या चित्रांत फार आढळते: फोटो मोठा करून त्यावर तेलरंग चढवलेले. अशात चेहरा गुळगुळीत, कुंचल्याचा फटकारा फक्त साडीत आणि पार्श्वभूमीत. कडेला रंग पातळ असेल तिथे कागद दिसतो, गडद भागात चंदेरी झाक येते. ते निघालं तर कलाबाजारात किंमत नगण्य. घरात मोल असेल ते असेल.

दोन्ही नसेल तर चित्र पालथं करा, पण गादीवर नको, खाली मऊ चादर आणि कडांना आधार. कॅनव्हास बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, ठोकलाय की स्टेपलने? स्टेपल असतील तर एक तर चित्र अलीकडचं, नाहीतर नंतर पुन्हा ताणलेलं. लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी आहेत का तेही पाहा. मग तिरक्या उजेडात चारही कोपरे. सही फ्रेमच्या खाचेत दडलेली असू शकते, म्हणून फ्रेम काढावी लागते, पण रंग सुटलेला असेल तर ते काम जाणकाराकडूनच. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च अंधारात धरलात तर जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतरची डागडुजी काळी दिसते. सही सापडली आणि ती व्हार्निशच्या वर काळी उठली, तर ती कोणीतरी मागाहून घातलेली.

दादर_तिसरा_मजला:
ठिपके नाहीत, चुका आहेत. कॅनव्हासच्या मागे अंधूक शिक्का दिसतोय, 'विन्सर' एवढंच वाचता येतं.

रंगपेटी:
विन्सर अँड न्यूटन, रंग आणि कॅनव्हास विकणारी लंडनची कंपनी. शिक्क्यातला पत्ता आणि अक्षरांची धाटणी काळानुसार बदलत गेली, त्यावरून कॅनव्हासचा काळ लावता येतो. चित्रकार मात्र त्यावरून ठरत नाही, विलायती कॅनव्हास मुंबईत बरेच जण वापरत. लेबलवर 'मुंबई ४' एवढंच असेल तर ते बहुधा १९७२ च्या आधीचं, कारण सहा आकडी पिन कोड त्या वर्षी आला. पण तोही काळ फ्रेमचाच. फ्रेम कितीदा बदलली कोण जाणे.

नावाबद्दल सबुरी ठेवा. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ ची. तिथून शिकून निघालेल्या कितीतरी जणांनी घरोघरी अशी व्यक्तिचित्रं केली. धुरंधर, त्रिंदाद, पिठावाला ही नावं बाजारात चालतात, म्हणून व्यापारी तीच घेतो. खरी किंमत कागद वाढवतो: आजोबांचं पत्र, पावती, भिंतीवर हेच चित्र दिसणारा जुना कौटुंबिक फोटो, बाईचं नाव. खोल्या रिकाम्या करताना ट्रंकेतले कागद रद्दीत घालू नका.

मग समोरून, मागून, शिक्का, लेबल, कोपरे आणि तिरक्या उजेडातला एक, असे फोटो मापासह पुंडोलेज, सॅफ्रनआर्ट, अस्टागुरू अशा लिलावगृहांना पाठवा. दोघांकडून तरी अंदाज घ्या आणि विक्रेत्याकडून घ्यायचं कमिशन लेखी विचारा. अंदाजात 'अमुक यांचे मानले जाते' लिहिलं तर ते 'अमुक यांचे' नव्हे. आकड्यात प्रचंड फरक पडतो. पैसे घेऊन 'अस्सल' असा दाखला देणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

हिशेबी:
तीन भावंडं आहात, तर स्वतंत्र मूल्यांकन लेखी घ्या. मूल्यांकनकर्त्याकडून दोन आकडे मागा: आजचा बाजारभाव आणि १ एप्रिल २००१ चा. वारशाने आलेल्या चित्रावर विकताना भांडवली नफ्याचा कर लागतो. आजोबांनी ते २००१ आधी मिळवलेलं असेल तर मूळ किंमत म्हणून तो दुसरा आकडा धरता येतो. आता दर १२.५ टक्के. रोखीच्या व्यवहारात हातात काहीच कागद राहत नाही, मग भावंडांना काय दाखवणार? शिवाय चित्र शंभर वर्षांचं भरलं तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू. भारतात विकता येते, परदेशी नेता येत नाही.

मागची_बाजू:
बुरशीचं तेवढं आजच बघा. चित्र बाहेरच्या ओलसर भिंतीवरून काढून हवेशीर खोलीत उभं ठेवा, उन्हात नाही. कोरड्या ब्रशने झाडू नका, बीजं सगळीकडे पसरतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात दाखवून घ्या. हलवताना रंगावर थेट बबल रॅप नको, उकाड्यात फुगे चिकटतात आणि ठसे उमटतात. आधी ग्लासिन नावाचा गुळगुळीत पातळ कागद, मग दोन्हीकडे जाड पुठ्ठा आणि टेम्पोत उभंच. आणि पावसाचा दिवस टाळा.