जुनी गाडी घेताना तिचा इतिहास कसा तपासला? – अनुभव धागा

कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की आपल्या भागात जुन्या गाड्यांचे सौदे सुरू होतात. चारजण मिळून गाडी पाहायला जातात, एसी लावून पाहतात, बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात, किमतीची घासाघीस तर चांगली तासभर चालते. कागदांचा विषय मात्र 'सगळे क्लिअर आहेत' एवढ्यावर निपटतो.

पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला नोंदणीनंतर पहिली १५ वर्षं पुन्हा आरटीओच्या पासिंगला जावं लागत नाही. त्यामुळे गाडी कधी कोणी तपासली, काय निघालं, हे एका कागदावर कुठंच मिळत नाही. विम्याच्या जुन्या पॉलिसी, सर्व्हिसिंगच्या नोंदी, पीयूसी, पिवळ्या पाटीची असेल तर फिटनेस, हे सगळं गोळा करून तारखा एकाखाली एक मांडाव्या लागतात. गाडीवर हात फिरवण्याआधी या तारखा पाहाव्या, असं माझं ठाम मत आहे. मोठं नुकसान झालं असेल तर बहुतेक वेळा त्याचा माग तिथंच लागतो.

तुम्ही काय तपासलं, काय सापडलं, ते सविस्तर लिहा. विकणाऱ्याचं किंवा दुकानाचं नाव मात्र नको.

कपाशीवाला, वणी

जून २०१८ ची पेट्रोल गाडी होती. एकच मालक, रंग चकचकीत, आत नवीन सीटकव्हर. माझा साळा तर तिथंच म्हणाला, "भाऊजी, सोडू नका, लय साजरी गाडी हाये." मी मालकाला मागच्या सगळ्या पॉलिसी मागितल्या. त्याच्या मोबाइलवर होत्या, त्यानं लगेच दाखवल्या.

क्लेम घेतला नाही तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, दरवर्षी चढत जातो: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. या गाडीचा २०१९ पासून बरोबर तसाच चढला होता. जून २०२२ च्या पॉलिसीत ४५ टक्के. जून २०२३ च्या पॉलिसीत शून्य. विम्यात खंड नाही, मालक तोच. म्हणजे मधल्या वर्षात क्लेम झालेला आहे. आणि जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीच्या पुरानं आमच्या तालुक्यात काय केलं होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

मालकाला सोबत घेऊनच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. त्याच्यासमोर नोंद काढली: ऑगस्ट २०२२, वायरिंगचा पूर्ण सेट, खालचं कार्पेट, सेल्फ मोटर. मग गाडीपाशी येऊन ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग धुतलेला, काळाभोर. जो शेवटचा हातभर भाग एरवी गुंडाळलेलाच राहतो, त्यावर वाळलेल्या गाळाची मातकट रेघ होती. सीट पुढे सरकवली तर खालच्या पट्टीवर गंज.

मालक म्हणाला, "गाडी चालू आहे ना भाऊ, मग काय अडचण?" वायरिंगमधे पाणी गेलेल्या गाडीचं दुखणं पुढेही कधी निघेल ते सांगता येत नाही. नाही घेतली.

पिकअप_दारव्हा

मालवाहू घेणाऱ्यांनी फिटनेसचे जुने सर्टिफिकेट मागितल्याशिवाय पुढं बोलूच नये. ऑनलाइन पाहिलं तर सध्याची तारीख दिसते, मागचा खंड दिसत नाही. आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागते, म्हणजे कागदांची साखळी सलग असायला पाहिजे.

मी पाहिलेल्या पिकअपचं फिटनेस मार्च २०२१ ला संपलं होतं आणि पुढचं थेट डिसेंबर २०२२ चं. मालक म्हणे, "लॉकडाऊनमधे सगळ्यांच्याच पासिंग राहून गेल्या होत्या काकाजी." बरोबर आहे, केंद्र सरकारनं मुदतवाढ दिली होती. पण ती ३१ ऑक्टोबर २०२१ ला संपली. त्यानंतर वर्षभर गाडी कुठं होती? ते त्याला सांगता येईना. मिस्त्रीला घेऊन गाडीखाली शिरलो तर मागच्या बाजूला चेसिसवर वेल्डिंगचा जोड, वरून काळा रंग मारलेला. संत्र्याचे क्रेट भरून ही गाडी घाटात न्यायची होती मला. तिथूनच रामराम केला.

पण खंड दिसला की गाडी खराबच, असंही समजू नका. मालकाचं आजारपण असतं, हप्ते थकलेले असतात. कारण विचारा आणि ते पडताळून पाहा.

गॅसकिट, भंडारा

सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते. सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा नंबर सिलिंडरवर कोरलेल्या नंबराशी जुळवा. किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर इंधनाची नोंद आहे का तेही पाहा.

शिक्षिका, कारंजा

मला दिल्ली पासिंगची डिझेल गाडी दाखवली होती. किंमत इतकी कमी की शाळेतले सगळे घ्या म्हणत होते. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले होते, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर निघतात. गाडी वाईटच असते असं नाही, पण तिचा इतिहास तिकडे राहतो. इथला मिस्त्री तिला ओळखत नाही, आणि पहिला मालक हजार किलोमीटरवर.

मी एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला. मालकाचा क्रमांक तिसरा निघाला, सांगताना दुसरा सांगितला होता. बँकेचा बोजाही तसाच होता. विकणारे म्हणाले, "मॅडम, एनओसी मागून येईल, तुम्ही गाडी घेऊन जा." दिल्ली आरटीओची एनओसी नसेल तर इथं नोंदणी होत नाही, आणि बँकेचं पत्र व फॉर्म ३५ नसेल तर बोजा उतरत नाही. महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो स्वस्ताईत कोणी धरत नाही. बायकांना यातलं काही कळत नाही असं समजून बोलणाऱ्यांना माझं सांगणं आहे, कागद आम्हीही वाचतो.

मिस्त्री_पुसद

काचांच्या कोपऱ्यातलं बारीक छापील पाहत जा. त्यात कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकाच दाराची वेगळी, तर त्या बाजूला काहीतरी लागलं आहे. दगड उडूनही काच फुटते, म्हणून लगेच त्या दाराच्या बिजागरीचे बोल्ट पाहा. पाना लागला असेल तर बोल्टच्या कडेचा रंग उडालेला दिसतो.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर २५ हजार दाखवत असेल आणि चारही टायर बदललेले असतील, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलावर त्या दिवशीचं रीडिंग असतं, ते क्रमानं लावून पाहा.

विकणारा, मूर्तिजापूर

विकणाऱ्याच्या बाजूनंही लिहितो. माझ्या काकांनी गाडी दिली, सह्या केलेले कोरे फॉर्म दिले, घेणाऱ्यानं नावावर केलीच नाही. पुढं अपघात झाला आणि भरपाईच्या दाव्याची नोटीस काकांच्या घरी आली. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक धरला जाईल. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं की नाही, हे स्वतः ऑनलाइन पाहा.

नवा_सभासद, देऊळगाव राजा

२०१० ची गाडी आहे, आरसीची मुदत संपत आलेली. मालक म्हणतो, पुढच्या ५ वर्षांची पासिंग तुमच्या नावावर आल्यावर सहज होऊन जाते. घेऊ का?

मिस्त्री_पुसद

एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली आहे, वर पर्यावरण कर वेगळा. आणि निरीक्षकासमोर गाडी उभी करावी लागते. सहज होत असेल तर त्यालाच आधी करून आणायला सांगा, खर्च किमतीत धरू म्हणा. आणायला तयार झाला तर पासिंगचा कागद पाहून मगच इसार द्या.