डायबिटीस, पायोरिया आणि जबड्याचं हाड: 'आधी शुगर खाली आणा, मग सफाई' हे बरोबर आहे का?

खाडीकाठ (धागाकर्ता)
चिपळूण घ्या, कणकवली घ्या, पायोरियाचा (हिरड्या सुजून दाताभोवतीचं हाड झिजवणाऱ्या आजाराचा) पेशंट दाखवायला गेला आणि शुगर वाढलेली निघाली की बरेचदा एकच उत्तर मिळतं: "आधी शुगर खाली आणा, मग बघू." दात काढायचा असेल किंवा हिरडीची सर्जरी असेल तर हे मान्य. साध्या स्केलिंगला, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढण्याला, हा नियम लावणं मला पटत नाही. पेशंट थांबतो, हाड झिजायचं थांबत नाही.

मुळावर कीटण आणि जंतूंचा थर बसला की हिरडी सुजते. सुजेत 'रँकल' नावाचं प्रथिन वाढतं आणि हाड खाणाऱ्या पेशी तयार व्हायला लागतात. त्याला आवर घालणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन कमी पडतं. एवढं डायबिटीस नसलेल्यांतही होतं. डायबिटीसमध्ये वर आणखी दोन गोष्टी होतात. जास्तीची साखर प्रथिनांना चिकटून जे पदार्थ बनतात, ते सूज विझू देत नाहीत. आणि हाड बांधणाऱ्या पेशी लवकर मरतात, म्हणजे गेलेलं भरून काढायला माणसंच नाहीत. म्हणून डायबिटीसमध्ये या आजाराचा धोका साधारण तिप्पट धरतात, तोही मुख्यतः शुगर ताब्यात नसेल तर.

मीठमिरची
असहमत. शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत, 'शुगर ताब्यात नसेल तर'. मग ताब्यात आणणं हाच पहिला उपचार नाही का? हिरड्यांच्या आजाराच्या 2018 च्या वर्गीकरणात डायबिटीसवाल्याचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) 7 टक्के किंवा जास्त असेल तर आजार थेट 'सी' ग्रेडमध्ये, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्यांत जातो. एचबीएवनसी 11 वाल्याच्या पांढऱ्या पेशी धड काम करत नाहीत, जखम भरत नाही. आज मूळ घासून दिलंत तरी पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोल फट, पुन्हा भरणार. तालुक्याला दोन एसट्या बदलून येणाऱ्या माणसाला अर्धवट फायद्यासाठी कशाला बोलवायचं?

आणि 'सफाईने शुगरही उतरते' हे फार रंगवून सांगितलं जातं. 2013 ची अमेरिकेतली मोठी चाचणी बघा. पाचशेहून जास्त पेशंट, एचबीएवनसीत फरक शून्य.

खाडीकाठ
त्या चाचणीवर मोठा आक्षेप हाच होता की उपचारानंतरही पेशंटच्या दातांवर थर भरपूर राहिला होता. सफाईच नीट झाली नाही तर शुगर कशाने उतरेल? कोक्रेन (अनेक चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) च्या 2022 च्या आढाव्यात तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसीत सरासरी 0.43 ची घट आहे, सहा महिन्यांनी 0.3. औषध सोडण्याएवढी नाहीच. पण शुगर उतरेपर्यंत सफाई थांबवायची आणि हिरडीतल्या सुजेमुळे शुगर उतरत नाही, हा फेरा कुठून तरी तोडायला हवा ना?

कातळावरचा
दोघंही मशेरी विसरलात. आपल्याकडच्या बायकांत हिरड्यांची अर्धी गोष्ट तिथे आहे. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येत नाही आणि 'मशेरीने हिरड्या घट्ट राहतात' असं वाटतं. खाली हाड चाललेलं असतं. अशा तोंडात रक्त येतंय का एवढंच बघून निदान केलं तर फसणार. प्रोब (खुणा असलेली बारीक मोजसळई) हिरडीत घालूनच बघायला हवं, एका दाताला सहा ठिकाणी, साधारण 25 ग्रॅमच्या दाबाने. निरोगी हिरडीत तो 1 ते 3 मिमी आत जातो. ज्या प्रोबला 3.5 ते 5.5 मिमीचा काळा पट्टा असतो, त्याचा पट्टा पूर्ण आत गेला तर पॉकेट 6 मिमीच्या आसपास किंवा खोल. तिथे नुसतं वरवर खरवडून भागत नाही.

कॅल्शियमच्या गोळ्यांवर विसंबणाऱ्यांसाठी: हे हाड कॅल्शियम कमी पडून जात नाही, सुजेने जातं. खुब्याच्या हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीवरही जाऊ नका. टाइप 2 मध्ये तिथली घनता नॉर्मल, कधी जास्तच दिसते, तरी हाड मोडण्याचा धोका वाढलेला असतो.

मीठमिरची
मशेरीचं शंभर टक्के मान्य. पण ताब्यात नसलेल्या शुगरवर हात घालताना काय बिघडतं तेही लिहा की. सकाळी ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन घेतलं, दाताकडे जायचं म्हणून पेज न घेता निघाला, वर भूल दिल्याने पुढचे दोन तास चावता येत नाही. शुगर 70 च्या खाली जाते ती अशी.

खाडीकाठ
त्यावर इलाज अवघड नाही. सकाळची वेळ, नाश्ता आणि रोजची औषधं घेऊनच यायचं, संकष्टीच्या दिवशी बोलवायचंच नाही. खुर्चीत बसवण्याआधी ग्लुकोमीटर. 70 च्या खाली असेल तर तीन शिगोशीग चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं, काम दुसऱ्या दिवशी. एका वेळी एकच बाजू घेतली तर दुसरीने मऊ भात खाता येतो. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) 0.2 टक्के, 10 मिलीची चूळ, दिवसातून दोनदा, दोन आठवड्यांच्या वर नाही. दात तपकिरी पडतात. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा प्रोब, पुढे दर तीन महिन्यांनी.

वाडीतली
गेलेलं हाड परत येतं का?

कातळावरचा
सपाट झिजलेलं नाही येत. दोन दातांमध्ये उभा खड्डा पडला असेल तर थोडं भरतं, आणि तेही शुगर ताब्यात असेल आणि मशेरी सुटली असेल तर. एक्स-रेत निरोगी हाडाची कड दाताच्या मानेपासून मुळाकडे सुमारे 2 मिमीवर असते. वर्षाने त्याच कोनातून दुसरा काढून ताडून बघा. कोन बदलला की हाड वाढल्यासारखं दिसतं आणि सगळे खूश होतात.

मीठमिरची
ठीक, स्केलिंग थांबवू नका. पण एचबीएवनसी 9-10 असताना खोल पॉकेटची सर्जरी करणाऱ्यांशी मी भांडणारच.